कबुलीचा बुधवार

पोलंड आणि चेकिया या देशांच्या सरहद्दींना लागून असलेल्या सॅक्सनी या जर्मन राज्यात नोव्हेंबरच्या उत्तरार्धात एक बुधवार असा येतो, की त्या दिवशी ड्रेस्डेन, लाइपझिग, केम्निट्झ या शहरांतील कचेऱ्या, शाळा, कारखाने आणि दुकाने बंद असतात. आणि राज्याची हद्द ओलांडून कोणी ब्रांडेनबुर्गमध्ये किंवा थुरिंगियात गेला, तर तेथे मात्र बाजार भरलेला, टपाल चालू आणि मुले शाळेत बसलेली आढळतात. सॅक्सनीतील पुष्कळ कुटुंबे या सुट्टीचा उपयोग शेजारच्या राज्यात जाऊन नाताळची खरेदी करण्याकडे करतात, हेही खरे आहे. या दिवसाला जर्मन भाषेत 'बूस उंड बेटटाग' म्हणतात. पश्चात्तापाचा आणि प्रार्थनेचा दिवस असा त्याचा सरळ अर्थ. जर्मनीच्या 16 घटक राज्यांपैकी केवळ सॅक्सनीतच ही कायदेशीर सुट्टी शिल्लक उरली आहे, आणि त्या सॅक्सनीत प्रॉटेस्टंट मंडळीचे सभासद आज लोकसंख्येच्या एक पंचमांशही नाहीत. ज्या समाजाने बहुतांशी चर्चकडे पाठ फिरवली, त्याने पश्चात्तापाचा दिवस मात्र राखून ठेवावा, आणि तोही स्वतःच्या पगारातून त्याची किंमत मोजून, ही घटना वरवर विसंगत दिसते. तिचा उलगडा होण्यासाठी या दिवसाचा सुमारे पाचशे वर्षांचा इतिहास पाहिला पाहिजे. आणि तो इतिहास केवळ धर्माचा नसून राज्यसत्ता, युद्ध, अपराध आणि शेवटी विम्याचे हप्ते यांचाही आहे.

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही; नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा जो आगमनकाळ, त्याच्या पहिल्या रविवारी ते सुरू होते. त्यामुळे नोव्हेंबरचा उत्तरार्ध हा त्या वर्षाचा अखेरचा काळ ठरतो. वर्षाच्या शेवटच्या रविवारी जर्मन प्रॉटेस्टंट लोक आपल्या मृतांचे स्मरण करतात; मागील वर्षभरात मंडळीतील जी माणसे निवर्तली त्यांची नावे उपासनेत वाचली जातात आणि आप्तजन दफनभूमीत जाऊन येतात. त्या रविवारच्या आधीचा बुधवार तो पश्चात्तापाचा. पंचांगात तो 16 ते 22 नोव्हेंबर यांच्या दरम्यान कोठेतरी पडतो. झाडांची पाने गळून गेलेली, दुपारी चार वाजताच अंधारू लागलेले, आणि नाताळच्या बाजारपेठेची रोषणाई अद्याप पेटलेली नाही, अशा त्या ऋतूत वर्षाचा हिशेब मांडण्याचा हा दिवस येतो, आणि मृतांची आठवण करण्यापूर्वी जिवंतांनी आपले दप्तर तपासावे, असा त्यात क्रम आहे.

उपासनेचे स्वरूप साधे आहे. वेदीवर जांभळे वस्त्र अंथरलेले असते, कारण जांभळा हा या परंपरेत अनुतापाचा आणि तयारीचा रंग होय. शास्त्रपाठांपैकी एक बहुधा लूककृत शुभवर्तमानातील निष्फळ अंजिराचा दृष्टांत असतो: मळ्याचा धनी तीन वर्षे फळाची वाट पाहून थकलेला आहे आणि झाड तोडून टाकण्याचा हुकूम देतो, तेव्हा माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो, भोवती खणून खत घालीन म्हणतो. दृष्टांत येथेच संपतो. पुढच्या वर्षी फळ आले की नाही ते येशूने सांगितलेले नाही. वर्षाच्या अखेरीस, मुदतीचा विचार मनात असलेल्या माणसांपुढे हा पाठ ठेवण्यात पूर्वजांनी किती विचार केला असेल! या दिवसाचे जे बोधवचन ठरलेले आहे ते नीतिसूत्रांच्या चौदाव्या अध्यायातील आहे, आणि ते व्यक्तीविषयी नाही, राष्ट्राविषयी आहे. न्यायाने राष्ट्राची उन्नती होते आणि पापाने त्याची अप्रतिष्ठा होते, अशा आशयाचे ते वचन आहे. नंतर पाळक मंडळीच्या वतीने पापांगीकाराची प्रार्थना करतो, मंडळी तीत सामील होते, क्षमेची घोषणा होते, आणि पुष्कळ ठिकाणी प्रभुभोजनाने उपासना पुरी होते. ही कबुली 'मी'ची नसते, 'आम्ही'ची असते. रोमन परंपरेतील कबुली एकट्याने, धर्मगुरूच्या कानात, पडद्याआड दिली जाते. येथे गावची पाणपोई कोणी कोरडी ठेवली, परक्याला कोणी दारातून परतवले, अन्याय दिसत असता कोण गप्प राहिले, या प्रश्नांना सगळ्यांनी एकत्र उभे राहून उत्तर द्यायचे असते. या दिवसाचे सारे तेज आणि सारा धोका या एका 'आम्ही'त साठवलेला आहे.

धोका कसा, ते या दिवसाच्या जन्मकथेवरून ध्यानात येते. मार्टिन ल्यूथरने 31 ऑक्टोबर 1517 रोजी विटेनबर्ग येथे आपली 95 प्रमेये प्रसिद्ध केली, त्यांतील अगदी पहिलेच प्रमेय पश्चात्तापाविषयी होते. श्रद्धावंताचे अवघे आयुष्य हाच पश्चात्ताप असावा, असा त्याचा अभिप्राय होता. ज्याचे अवघे आयुष्य पश्चात्तापाचे, त्याला त्यासाठी वर्षातून एक दिवस कशाला हवा, असे कोणी विचारील. आणि खरोखरच हा दिवस ल्यूथरच्या प्रमेयांतून निघालेला नाही. तो निघाला भीतीतून. 1529 साली तुर्की फौजांनी व्हिएन्नाला वेढा घातला. 1532 साली सुलतान सुलेमान पुन्हा चालून आला. त्या वर्षी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या आज्ञेवरून श्ट्रासबुर्ग येथे प्रॉटेस्टंटांचा पहिला पश्चात्तापदिन पाळला गेला. परचक्र, महामारी, दुष्काळ, धूमकेतू, युवराजाचा आजार, अशी कोणतीही आपत्ती दिसली, की राजाने फर्मान काढावे, ते प्रत्येक व्यासपीठावरून वाचले जावे, खानावळी आणि मद्यगृहे बंद व्हावीत, रयतेने संध्याकाळपर्यंत उपवास करावा आणि देवाचा कोप शांत करावा, असा शिरस्ता पुढे पडून गेला. 1618 पासून 1648 पर्यंत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धात तर अशा दिवसांचे पीकच आले. जर्मनीत त्या काळी लहानमोठी संस्थाने पुष्कळ, आणि प्रत्येकाचा अंमल निराळा. म्हणून तारखाही निराळ्या. 1878 साली 28 जर्मन राज्यांत मिळून असे 47 दिवस पाळले जात होते! अखेर 1893 साली प्रशियाने कायदा करून मृतस्मरणाच्या रविवारापूर्वीचा बुधवार निश्चित केला, आणि इतर राज्यांनी हळूहळू तोच स्वीकारला.

राजाने प्रजेला पश्चात्ताप करण्याचा हुकूम सोडायचा, ही कल्पना बायबलमध्येही आहे. योना संदेष्ट्याची वाणी ऐकून निनवेचा राजा सिंहासनावरून उतरला, त्याने गोणपाट नेसला, राखेत बसला आणि मग फर्मान काढले. हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला अनुताप राजाचा, मग जाहीरनामा. युरोपातील बहुतेक राजांनी जाहीरनामा तेवढा घेतला आणि राख प्रजेसाठी ठेवली. याचे एक उदाहरण आपल्या देशाशी संबंधित असल्यामुळे सांगितलेच पाहिजे. 1857 सालच्या उठावाच्या बातम्या लंडनला पोचल्यावर राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्यान्वये 7 ऑक्टोबर 1857 हा सर्व ब्रिटनभर राष्ट्रीय दीनतेचा, उपवासाचा आणि प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळण्यात आला. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये चार्ल्स स्पर्जन या तरुण उपदेशकाचे प्रवचन ऐकावयास 23 हजारांहून अधिक लोक जमले. त्या दिवशी देशभर झालेल्या उपदेशांत कोणी कोणी कंपनी सरकारच्या अफूच्या व्यापारावर आणि लोभावर बोट ठेवले, हे त्यांच्या श्रेयाला नोंदवले पाहिजे. परंतु असंख्य व्यासपीठांवरून उच्चार झाला तो हिंदुस्थानातील बंडखोरांना कठोर शासन व्हावे याचा. ज्या दिवशी 'आम्ही' चुकलो असे म्हणायचे, त्या दिवशी 'ते' किती क्रूर आहेत याची यादी वाचली गेली. दिल्लीत आणि गंगेच्या खोऱ्यात त्याच सुमारास जी फाशीची झाडे लागली होती, त्यांच्या दृष्टीने या प्रार्थनेचे मोल काय, याचा विचार मराठी वाचकाने स्वतःशी करावा. सत्तेने सत्तेसाठी बोलावलेला पश्चात्ताप हा शत्रूविरुद्ध दिलेल्या अर्जासारखा होतो; त्यात अर्जदार स्वतः निर्दोष असतो.

याच्या अगदी उलट टोकाला, शासनाच्या इच्छेविरुद्ध, या दिवसाने एकदा आपला खरा धर्म प्रकट केला. नाझी राजवटीने 1934 साली हा दिवस साऱ्या जर्मनीत सुट्टीचा केला होता. 1938 साली तो 16 नोव्हेंबरला आला. बरोबर एक आठवडा आधी, 9 नोव्हेंबरच्या रात्री, देशभर सिनेगॉग पेटवून देण्यात आले, यहुद्यांची दुकाने फोडली गेली, माणसे मारली गेली, आणि सुमारे 30 हजार यहुदी पुरुषांना धरून छळछावण्यांत पाठवण्यात आले. हे सारे राजरोस झाले होते. प्रत्येक गावाने धूर पाहिला होता. आणि आता पुढच्या बुधवारी याच गावांतील मंडळींनी चर्चमध्ये जमून आपापल्या पापांचा आठव करायचा होता. बहुतेक पाळकांनी त्या दिवशी नेहमीप्रमाणे मानवी दुर्बलतेविषयी सर्वसाधारण चार शब्द सांगितले आणि मंडळी घरी गेली. हे मौन सहज समजण्यासारखे आहे, आणि म्हणूनच ते भयंकर आहे.

व्युर्टेम्बर्गमधील ओबरलेनिंगन या गावी युलियुस फॉन यान नावाचा पाळक होता. त्याने उपदेशासाठी यिर्मया संदेष्ट्याच्या बाविसाव्या अध्यायातील एकोणतिसावे वचन घेतले. त्यात संदेष्टा भूमीला एकदा नव्हे, तीनदा हाक मारतो आणि परमेश्वराचे म्हणणे ऐक म्हणून विनवतो. फॉन यानने ती हाक जर्मन भूमीला लावली. या हिंसेचे निमित्त ठरलेली पॅरिसमधील एका जर्मन अधिकाऱ्याची हत्या हा गुन्हा खरा, असे सांगून त्याने पुढे विचारले, की त्या गुन्ह्यामागून आमच्या देशात किती गुन्हे घडतील असे कोणाला वाटले होते? इतरांची प्रार्थनास्थळे जाळली गेली आणि जाळणाऱ्यांना कोणी जाब विचारला नाही. देशाची निष्ठेने सेवा केलेली माणसे केवळ निराळ्या वंशाची म्हणून छावण्यांत टाकली गेली. सत्ताधाऱ्यांनी हे कबूल केले नाही तरी अन्याय हा अन्यायच आहे, आणि देव त्याचा हिशेब मागितल्याशिवाय राहणार नाही. हा सर्व आशय त्याने खेड्यातील आपल्या ओळखीच्या माणसांपुढे, अगदी स्पष्ट शब्दांत मांडला, आणि त्यानंतर त्याच गोष्टी मंडळीच्या वतीने देवापुढे आपला अपराध म्हणून प्रार्थनेत ठेवल्या. या शेवटच्या कृतीत त्याचे मोठेपण आहे असे मला वाटते. त्याने सिनेगॉग जाळला नव्हता. त्याच्या शेतकरी श्रोत्यांपैकीही बहुतेकांनी जाळला नसेल. तरी त्याने 'त्यांनी' म्हटले नाही.

नऊ दिवसांनी, 25 नोव्हेंबरच्या रात्री, बाहेरून आणलेला जमाव त्याच्या घरावर चालून आला. तो त्या वेळी शेजारच्या गावी बायबलच्या अभ्यासवर्गासाठी गेला होता; तेथून त्याला धरून आणले, बेदम मारले, एका छपरावर फेकले, आणि मग तुरुंगात नेले. पुढील वर्षी श्टुटगार्टच्या विशेष न्यायालयाने व्यासपीठाचा दुरुपयोग आणि राजद्रोही भाषण या आरोपांखाली त्याला 16 महिन्यांची शिक्षा दिली. त्याच 16 नोव्हेंबरला बर्लिनच्या डाह्लेम भागात हेल्मुट गोल्विट्झर हा तीस वर्षांचाही न झालेला धर्मशास्त्रज्ञ उपदेशाला उभा राहिला होता. त्या मंडळीचा पाळक मार्टिन नीमोलर आदल्या वर्षीपासून नाझींच्या कैदेत होता. गोल्विट्झरने आरंभीच शंका काढली, की आज आपण उपदेश करावा तरी कोणत्या तोंडाने. देवाने आपली तोंडे बंद करून आपल्याला गप्प बसवले तर तेच योग्य नव्हे का. आणि उपदेशाच्या अखेरीस त्याने श्रोत्यांना चर्चच्या दाराबाहेर वाट पाहत असलेल्या, उपाशी, निराधार, भयभीत शेजाऱ्याची आठवण करून दिली. अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. परंतु पाचशे वर्षांत या दिवसाने जे सर्वांत खरे असे काही केले ते याच काही व्यासपीठांवर घडले, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर एकाच वर्षाने, 1939 साली, युद्धाच्या उत्पादनात खंड नको म्हणून सरकारने या बुधवारची सुट्टी काढून घेतली आणि दिवस रविवारी ढकलला. युद्ध संपल्यावर ऑक्टोबर 1945 मध्ये श्टुटगार्ट येथे जर्मन प्रॉटेस्टंट चर्चच्या धुरीणांनी परदेशी चर्चच्या प्रतिनिधींसमोर एक अपराधनिवेदन केले. त्यावर सही करणाऱ्यांत सुटून आलेला नीमोलरही होता. आपण अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक प्रेम केले नाही, असा दोष त्यांनी स्वतःवर घेतला. त्या निवेदनात यहुद्यांचा उल्लेखही नाही, ही उणीव मोठी आहे आणि पुढे तिच्यावर योग्य तीच टीका झाली. तथापि पराभूत, उपाशी, उद्ध्वस्त देशातील पुष्कळ लोकांना तेवढी कबुलीही सहन झाली नाही, आणि चर्चवर देशद्रोहाचा ठपका ठेवणारी पत्रे आली, हे लक्षात घेतले म्हणजे 'आम्ही' हा शब्द उच्चारण्यास किती बळ लागते ते कळते.

आपल्याकडे मराठी मुलखातही सामूहिक पापकबुलीचा एक प्रसिद्ध प्रसंग घडलेला आहे. 1905 च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात मुली आणि स्त्रिया रडत, मोठ्याने आपले दोष सांगत, तासन् तास प्रार्थना करू लागल्या, आणि त्या जागृतीची वार्ता ख्रिस्ती जगात दूरवर पसरली. पण तेथे कोणाचे फर्मान नव्हते, तारीख ठरलेली नव्हती, आणि कबुली देणाऱ्या बहुतेक जणी दुष्काळाने आणि वैधव्याने होरपळलेल्या होत्या. जर्मनीतील दिवस हा ठरलेल्या तारखेचा, सत्तेच्या सावलीत वाढलेला आणि समर्थांनीही पाळायचा. म्हणून दोहोंची जात निराळी.

युद्धोत्तर जर्मनीची फाळणी झाली आणि या दिवसाचीही झाली. पश्चिमेत तो पुन्हा सुट्टीचा झाला. कॅथलिक बहुसंख्येच्या बव्हेरियात संपूर्ण राज्यभर सुट्टी व्हायला 1981 साल उजाडले. पूर्वेकडील साम्यवादी राजवटीने प्रथम तो चालू ठेवला, पण पाच दिवसांचा कामाचा आठवडा आणताना 1966 नंतर तो रद्द केला. सुट्टी गेली, दिवस राहिला. 1980 साली पूर्व जर्मनीतील चर्चच्या युवकशाखांनी नोव्हेंबरमध्ये शांततेसाठी प्रार्थनेचे दहा दिवस पाळावयास आरंभ केला आणि त्यांची सांगता पश्चात्तापाच्या बुधवारी ठेवली. सॅक्सनीचा युवकपाळक हॅराल्ड ब्रेटश्नायडर याने त्यासाठी एक चिन्ह निवडले: तलवार ठोकून तिचा नांगराचा फाळ करणारा मनुष्य. ही कल्पना मीखा संदेष्ट्याची. आणि शिल्प येवगेनी वुचेतिच या सोव्हिएत शिल्पकाराचे, जे खुद्द सोव्हिएत सरकारने 1959 साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघास भेट दिलेले. कागदावर काही छापायचे तर सरकारी परवाना लागे, कापडावर छापण्यास मात्र लागत नसे. म्हणून हे चिन्ह सॅक्सनीतील हेर्नहुट गावच्या छापखान्यात नमद्यासारख्या न विणलेल्या कापडावर छापले गेले. पुढे हजारो तरुणांनी ते गोल ठिगळ आपल्या कोटांच्या बाहीवर शिवले, आणि पोलीस व शिक्षक ते उसवून काढू लागले. ठिगळ काढले तरी बाहीवर वर्तुळाकार भोक उरे, आणि कित्येकांनी ते भोक तसेच मिरवले.

या दहा दिवसांच्या परंपरेतून लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये 1982 पासून दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना होऊ लागली. कधी तेथे दहापाच माणसेच असत. 9 ऑक्टोबर 1989 रोजी त्या प्रार्थनेनंतर सुमारे 70 हजार लोक मेणबत्त्या घेऊन लाइपझिगच्या रस्त्यांवर उतरले. शस्त्रसज्ज फौज उभी होती, पण गोळी झाडली गेली नाही, आणि महिनाभरात बर्लिनची भिंत पडली. पश्चात्तापाच्या दिवसाने भिंत पाडली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कर्जबाजारी अर्थव्यवस्था, मॉस्कोतील बदल, देश सोडून पळणारी तरुण पिढी अशी कारणे त्यामागे होती. परंतु ती गर्दी हिंसेवाचून उभी राहिली याला त्या उपासनांची शिकवण कारण झाली, हे तिचे साक्षीदार सांगतात, आणि सॅक्सनीतील चर्चबाहेरच्या माणसालाही या दिवसाविषयी जे ममत्व वाटते, त्याचा एक धागा येथे सापडतो.

एकीकरणानंतर 1990 पासून ही सुट्टी साऱ्या जर्मनीला लागू झाली, आणि अवघ्या पाच वर्षांत संपली. वृद्ध आणि अपंग यांच्या शुश्रूषेचा खर्च भागवण्यासाठी हेल्मुट कोल यांच्या सरकारने, मजूरमंत्री नोर्बर्ट ब्ल्यूम यांच्या पुढाकाराने, 1 जानेवारी 1995 पासून सक्तीचा शुश्रूषा विमा सुरू केला. हप्ता निम्मा कामगाराने आणि निम्मा मालकाने द्यायचा ठरला. मालकवर्गाने भरपाई मागितली: आमच्यावर नवा बोजा टाकता, तर त्याच्या मोबदल्यात कामाचा एक दिवस वाढवून द्या. मग कोणती सुट्टी कमी करावी, याची चर्चा झाली, आणि नेमका बुधवारी येणारा, म्हणजे हमखास कामाचा दिवस बुडवणारा हा दिवस सर्वांना सोयीचा वाटला. पंधरा राज्यांनी तो रद्द केला. सॅक्सनीने मात्र निराळा मार्ग पत्करला: सुट्टी राहील, पण तिची किंमत कामगार भरतील. म्हणून तेथील कामगाराचा हिस्सा इतर राज्यांपेक्षा अर्ध्या टक्क्याने अधिक आणि मालकाचा तेवढाच कमी असतो. 2025 साली हा हप्ता पगाराच्या 3.6 टक्के होता. इतरत्र दोघेही 1.8 टक्के देत, सॅक्सनीत कामगार 2.3 आणि मालक 1.3. महिना 3 हजार युरो पगाराचा सॅक्सन कामगार या बुधवारसाठी दरमहा 15 युरो, म्हणजे वर्षाला 180 युरो अधिक भरतो. त्याच्या एका दिवसाच्या मजुरीहून ही रक्कम अधिकच आहे. हा व्यवहार तोट्याचा आहे, असे तेथील काही लोक उघड म्हणतात, आणि हिशेबाने ते बरोबर आहेत.

यात मला एक गोष्ट मनापासून खटकते. म्हाताऱ्यांची आणि पंगूंची सेवा हे काम पवित्र आहे. त्यासाठी समाजाने काही सोडावे हे उचितच. परंतु सोडले काय, तर ज्या एका दिवशी समाज स्वतःला जाब विचारतो तो दिवस. श्लेस्विग होल्स्टाइन या उत्तरेकडील राज्यात 1997 साली सुट्टी परत मिळावी म्हणून सार्वमत झाले. मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी होकार दिला, पण एकूण मतदारांच्या एक चतुर्थांशाचा पाठिंबा कायद्याने आवश्यक होता, तेवढा मिळाला नाही आणि ठराव पडला. डेन्मार्कमध्येही असाच दिवस होता. राजा पाचवा ख्रिश्चन याच्या काळात, 1686 साली, निरनिराळे उपवासदिन एकत्र करून ईस्टरनंतरच्या चौथ्या शुक्रवारी तेथे महाप्रार्थनादिन ठेवण्यात आला. त्या दिवशी भट्टी पेटवण्यास मनाई असल्याने पाववाले आदल्या संध्याकाळीच गव्हाचे गोल पाव भाजून ठेवीत, आणि ते गरम पाव खाण्याची डॅनिश लोकांची हौस आजही टिकून आहे. 2023 साली तेथील संसदेने संरक्षणखर्च वाढवण्याचे कारण दाखवून ही सुट्टी रद्द केली. कोपनहेगनच्या रस्त्यांवर हजारो लोकांनी निषेध केला, त्यांत चर्चला न जाणारेही पुष्कळ होते. स्वित्झर्लंडने मात्र 1832 मध्येच शहाणपणाची तडजोड केली होती: कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनी मिळून सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी आभार, पश्चात्ताप आणि प्रार्थना यांचा दिवस पाळावा असे तेथील राज्यसंघाने ठरवले. रविवार असल्यामुळे त्या दिवसावर हिशेबनिसाचा डोळा गेला नाही.

जर्मनीच्या इतर राज्यांत आज हा दिवस कामाचा आहे. पुष्कळ ठिकाणी प्रॉटेस्टंट कामगाराला उपासनेपुरती रजा मागण्याचा हक्क कायद्याने ठेवला आहे, पण पगार बुडवून रजा मागणारे थोडेच. म्हणून मंडळ्यांनी उपासनेची वेळच सकाळवरून संध्याकाळवर नेली, आणि कचेरीतून, दुकानातून, इस्पितळातून सुटलेली माणसे तशीच परस्पर चर्चमध्ये येतात. काही शहरांत या संध्याकाळच्या उपासनेत न्यायाधीश, परिचारिका, शेतकरी किंवा निर्वासितांमध्ये काम करणारे कार्यकर्ते यांना बोलावून सार्वजनिक प्रश्नांवर बोलावयास लावतात. बव्हेरियात तर मोठी विलक्षण स्थिती आहे: तेथे सुट्टी रद्द झाली तरी शाळा बंदच राहतात, शिक्षक त्या दिवशी आपल्या बैठका आणि प्रशिक्षण उरकतात, आणि आईबापांना मात्र कामावर जावे लागते. मुलांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न दरवर्षी येतो. तेव्हा तेथील कित्येक मंडळ्यांनी त्या बुधवारी सकाळपासून दुपारपर्यंत मुलांसाठी बायबलचा दिवस भरवण्याची प्रथा पाडली आहे. मंडळीतील मोठी मुलेमुली आणि निवृत्त माणसे स्वयंसेवक म्हणून येतात, गोष्टी सांगितल्या जातात, नाटुकली बसवली जाते, रंगकाम होते, सर्वांना एकत्र जेवू घालतात, आणि दुपारी कामावरून सुटलेले आईबाप मुलांना न्यायला येतात.